दारू सोडणे : पहिला आठवडा आणि पुढचे वर्ष

(श्री भैरवनाथ मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त सभामंडपात झालेल्या भाषणाचा मजकूर)



देवळाच्या कार्यात दारूचा विषय काढलेला काहींना खटकेल. परंतु या गावात दारू सोडण्याची सुरुवात आजवर देवळातूनच होत आलेली आहे. उंबऱ्यावर हात ठेवून, कपाळी अंगारा लावून, घरच्या माणसांच्या देखत शपथ घ्यायची, ही रीत जुनी आहे. अशा शपथा किती जणांनी घेतल्या याची नोंद कोणी ठेवलेली नाही. किती जणांच्या मोडल्या हे मात्र पारावर बसणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. तेव्हा हा विषय देवळात निघाला यात वावगे काही नाही. आणि ज्याची शपथ मोडली तो बेइमान होता, की त्याला कोणी नीट वाटच दाखवली नव्हती, याचा विचार एकदा येथेच व्हावा हे बरे.

या देवळाच्या शिखराचा गिलावा ज्या गवंड्यांनी केला, त्यांतील एका गृहस्थांची हकिकत त्यांच्या आणि त्यांच्या पत्नीच्या संमतीने येथे सांगितली जात आहे. नाव घेतलेले नाही. ज्यांना ओळखू येईल त्यांनीही ते घेऊ नये, एवढी विनंती आहे.

हे गृहस्थ हाताचे कसबी. परंतु वीस वर्षे पीत होते, आणि शेवटची काही वर्षे अशी आली की सकाळी घोट पोटात गेल्याशिवाय थापी हातात धरवत नसे. हात लटलट कापायचा. लोक म्हणत, बघा, उजाडले नाही तोच लागला. वस्तुतः ते मजेसाठी पीत नव्हते, हात स्थिर व्हावा म्हणून पीत होते. दीड एकराचा तुकडा गहाण पडला. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचा बोजा आधीच होता. पत्नीच्या गळ्यातली वाटी तेवढी राहिली, तीही त्या माउलीने माहेरी ठेवली म्हणून.

काही वर्षांपूर्वी आषाढी अमावस्येला, ज्या दिवसाला आपल्याकडे गटारी म्हणून हिणकस नाव पडले आहे, ते भरपूर प्याले. दुसऱ्या दिवशी श्रावण लागला, तेव्हा आंघोळ करून देवळात आले आणि आयुष्यभर शिवणार नाही अशी शपथ घेतली. मनापासून घेतली. पहिल्या दिवशी घाम, ओकाऱ्या, अन्नावर वासना नाही. दुसऱ्या रात्री फीट आली, दातखिळी बसली. तिसऱ्या रात्री भिंतीवर किडे चाललेले दिसू लागले, वारलेल्या वडिलांना हाका मारू लागले, घरच्यांना ओळखेनात, आणि अंधारात विहिरीकडे पळत सुटले. चार जणांनी धरून आणले. कोणी म्हणाले बाहेरची बाधा आहे, कोणी म्हणाले देवाचा कोप आहे. लिंबू उतरून झाले, देवऋषी झाले. एका डॉक्टरांनी सलाईन लावले. शेवटी पहाटे कुणीतरी शहाण्याने अर्धा पेला पाजला, त्याने अंगाची थरथर थोडी उतरली, आणि साऱ्या आळीने निकाल देऊन टाकला की याचा जीव दारूवरच आहे, याची सुटायची नाही. शपथ तिसऱ्या दिवशी मोडली. पुढची दोन वर्षे ‘तीन दिवसांचा भगत’ हे नाव त्यांना चिकटले.

त्या तीन रात्रींत त्यांचा जीव गेला असता. यात बाधा नव्हती आणि कोपही नव्हता. रोज आणि भरपूर दारू घेणाऱ्याच्या मेंदूला त्या गुंगीची सवय जडते. दारू मेंदूला सतत खाली दाबत असते, म्हणून मेंदू उलट जोर लावून स्वतःला जागा ठेवतो. मोटेचा नाडा बैल ओढत असताना एकदम तुटावा, तशी दारू एकाएकी बंद झाली की हा उलटा जोर मोकाट सुटतो. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत कापरे, घाम, छातीत धडधड सुरू होते. फीट यायची असेल तर बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते. भास होणे, भान सुटणे, ताप चढणे हा प्रकार दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान उद्भवतो. त्याला वैद्यकशास्त्रात डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि औषध न मिळाल्यास त्यात माणूस दगावतो. प्रत्येक पिणाऱ्याला हे होत नाही. पण ज्याला सकाळी उठल्याबरोबर घोट लागतो, त्याला होण्याचा धोका मोठा. श्रावणाच्या पहिल्या दिवशी शपथ घेणाऱ्यांत असे गडी असतात. त्यांच्या घरी श्रावणाची दुसरी-तिसरी रात्र जागून काढावी, हे आजवर कोणी सांगितले नाही.

सलाईनवर गावाचा फार विश्वास आहे, म्हणून तेही सांगावे लागते. वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या अंगात बी-१ या जीवनसत्त्वाचा दुष्काळ असतो. आधी बी-१ न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन चढविले तर मेंदूला इजा होऊ शकते, चाल बिघडते, आठवण जाते. दवाखान्यात नेल्यावर ‘हा रोज पितो, परवापासून बंद केली आहे’ हे वाक्य डॉक्टरांना सांगण्यात लाज बाळगू नये. ते वाक्य लपविल्यामुळे चुकीचा इलाज होतो.

पुढची हकिकत अशी. दोन वर्षांनी, मुलीचे लग्न ठरण्याच्या वेळी, गवंड्यांच्या पत्नीने आशाताईंना विचारले. त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांची गाठ घालून दिली. मागच्या खेपेस फीट आली होती एवढे ऐकताच डॉक्टरांनी घरी औषध देण्यास नकार दिला आणि जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी दिली. तेथे आठ दिवस. कापरे न येण्याच्या गोळ्या पहिल्या दिवशी जास्त, मग रोज कमी करत शेवटी बंद. बी-१ ची इंजेक्शने. किडे दिसले नाहीत, कोणी विहिरीकडे पळाले नाही. नवव्या दिवशी ते एस.टी.ने घरी आले, आणि घरच्यांना वाटले की प्रकरण निकाली निघाले.

येथेच बहुतेकांची चूक होते. अंगातून दारू काढणे हे आठवड्याचे काम आहे. ती परत अंगात न जाऊ देणे हे वर्षाचे, किंबहुना अनेक वर्षांचे काम आहे, आणि ते रुग्णालयाच्या खाटेवर पडून होत नाही. खाटेवर बाजाराचा दिवस येत नाही, मजुरीचे पैसे हातात पडत नाहीत, ‘चल रे, एकच’ म्हणणारा दोस्त तेथे येत नाही. हे सारे गावात असते, म्हणून उपचाराचा मोठा भागही गावात राहूनच व्हावा लागतो. माणूस कामधंदा करतो, रात्री आपल्या घरी झोपतो, आणि ठरल्या दिवशी दवाखान्यात जाऊन हजेरी लावतो. यालाच बाह्यरुग्ण उपचार म्हणतात. गवंडी पहिले दोन महिने दर आठवड्याला गेले, मग पंधरवड्याने, मग महिन्याने. प्रत्येक वेळी पत्नी बरोबर. तेथे विचारपूस होई की या आठवड्यात तलफ कधी आली, कोण भेटले, झोप लागते का, घरी भांडण झाले का. बायकोलाही विचारत, आणि तिचे बोलणे कागदावर लिहून घेत. एवढ्या वर्षांत आपले म्हणणे कोणी लिहून घेतले याचेच तिला नवल वाटले.

पाचव्या महिन्यात एका भावकीच्या लग्नात ते प्याले. दोन दिवस प्याले. पण या वेळी तिसऱ्या दिवशी कोणी न सांगता आपण होऊन दवाखान्यात गेले आणि झाले ते सांगितले. डॉक्टर रागावले नाहीत. मधुमेह्याची साखर एखाद्या सणाला वाढली तर त्याला कोणी बेइमान म्हणत नाही, तसेच हे. घसरणे हा या आजाराचा भाग आहे. घसरलेला माणूस किती दिवसांत परत येतो, यावर बरेच अवलंबून असते. त्यानंतर आजतागायत त्यांनी घेतलेली नाही. शिखरावरचे कलशाखालचे बारीक काम त्यांच्याच हातचे आहे. ते खालून दिसत नाही, पण रंगकाम करणाऱ्यांनी पाहिले आहे.

आता सर्वांनाच जिल्ह्याला जावे लागते काय? नाही. पूर्वी कधी फीट किंवा भास झालेले असतील, कावीळ वा पोटात पाणी असेल, रक्ताची ओकारी झाली असेल, वय फार असेल, जीव देण्याची भाषा बोलत असेल, किंवा घरात लक्ष ठेवायला कोणी नसेल, तर पहिला आठवडा रुग्णालयातच काढावा. बाकीच्यांना डॉक्टरांनी तपासून गोळ्या लिहून दिल्या आणि रोज कोणी तब्येत पाहिली, तर घरी राहूनही दारू सुटते. गोळ्या मात्र पत्नीच्या किंवा भावाच्या ताब्यात असाव्यात, आणि त्यांवर दारू पिऊ नये, जिवाला अपाय होतो. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरील गोळ्या आणू नयेत, कारण त्यांची स्वतःचीच सवय लागते.

देशात या आजाराचा पसारा केवढा आहे, तेही ऐकावे. केंद्र सरकारच्या वतीने दिल्लीच्या एम्स संस्थेने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात १० ते ७५ वयाच्या लोकांपैकी १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक दारू घेतात, आणि ५.७ कोटींहून अधिक लोकांना दारूच्या त्रासाबद्दल मदतीची गरज आहे असे आढळले. ज्यांना दारूचे पक्के व्यसन जडले आहे अशा ३८ जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळाला. रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळाला तो १८० मागे एकाला. एवढ्या सगळ्यांना खाटा कोठून पुरणार? म्हणूनच गावातल्या उपचाराचे महत्त्व.

आणि हे नुसते बोलणे नाही, करून दाखविणारे आहेत. गोव्यात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. प्रमाणाबाहेर पिणारे, पण अजून पक्क्या व्यसनात न अडकलेले ३७७ पुरुष त्यात होते. निम्म्यांना नेहमीची डॉक्टरी तपासणी, आणि निम्म्यांना त्याखेरीज समुपदेशन. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, साधी शिकलेली स्थानिक माणसे होती, त्यांना शिकवून तयार केले होते. बैठका फार तर चार. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्क्यांचे पिणे धोक्याच्या रेषेखाली आले होते, दुसऱ्या गटात २६ टक्क्यांचे. मागल्या १४ दिवसांत थेंबही न घेतलेले पहिल्या गटात ४२ टक्के, दुसऱ्यात १८. शंभर टक्के कोणालाच यश आले नाही, हेही यातून दिसते. जाहिरातीतला बाबा मात्र शंभर टक्क्यांची हमी देतो.

आपल्याच राज्यात गडचिरोली जिल्ह्यात लोकांच्या चळवळीनंतर १९९३ साली दारूबंदी झाली. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांची सर्च संस्था त्या जिल्ह्यात १९८६ पासून काम करते. बंदीचा कागद निघाला म्हणून पिणाऱ्याची तलफ थांबत नाही, हे ओळखून २०१६ साली सरकार, टाटा ट्रस्ट आणि सर्च यांनी मिळून ‘मुक्तिपथ’ हे काम सुरू केले. त्यात गावोगावच्या समित्या आहेत, तालुक्याच्या ठिकाणी व्यसनी रुग्णांसाठी क्लिनिक चालते, आणि गावात शिबिरे भरतात. ज्या भगिनींनी आडव्या बाटलीचे मतदान घडवून दुकाने बंद करण्याचा विचार चालविला आहे, त्यांनी गडचिरोलीचा हा धडा जरूर घ्यावा. दुकानाला कुलूप लागेल त्या दिवशी सकाळचा घोट लागणाऱ्या माणसांचे काय करायचे, याची सोय आधी हवी.

पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. देशपांडे व सुनीताबाईंचा त्याला मोठा आधार होता. तेथे राहून उपचार घ्यावे लागतात हे खरे, परंतु बाहेर पडल्यावर ठिकठिकाणच्या पाठपुराव्याच्या बैठकांना येत राहणे, हाही त्या उपचाराचाच भाग मानला जातो, आणि पत्नींसाठी ‘सहचरी’ म्हणून वेगळा गट आहे. तमिळनाडूत मंजक्कुडी नावाच्या खेड्यात १९८९ पासून मद्रासच्या एका संस्थेने गावातच शिबिरे भरवून उपचार केले. डॉक्टर आणि समुपदेशक शहरातून गावी आले. रुग्णाने शहर शोधत जावे अशी सक्ती उरली नाही. आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही पिणाऱ्यांनी पिणाऱ्यांना सावरण्याची मंडळी तर १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन शहरी दोघांच्या भेटीतून सुरू झाली. दोघेही दारूने पोळलेले, एक शेअरचा धंदा करणारा आणि दुसरा शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर. तेथे फी नाही, आडनाव विचारीत नाहीत.

एक गोष्ट भगिनींसाठी निक्षून सांगायची आहे. एस.टी. स्टँडच्या भिंतींवर ‘न सांगता दारू सोडवा’ अशा पाट्या असतात. पुडी आणायची आणि भाजीत किंवा चहात कालवायची. त्या पुडीत काय असते कोणास ठाऊक, पण काही वेळा डायसल्फिरॅम हे औषध असेच चोरून दिले जाते. हे औषध १९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये पुढे आले. ते अंगात असताना दारू घेतली की तोंड लालबुंद होते, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब उतरतो, आणि एखाद्याचे प्राणही जातात. डॉक्टर हे औषध देतात, पण रुग्णाला पूर्ण सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करून. ज्याला माहीतच नाही तो संध्याकाळी नेहमीसारखा बाटली उघडणार. नवऱ्याच्या काळजीने पुडी कालवणाऱ्या माउलीचा हेतू वाईट नसतो. तरीही करू नये.

गावाने करायचे काम कोणते? फारसे अवघड नाही, पण अंगवळणी पडलेले नाही. सोडलेल्या माणसाला ‘किती दिवस टिकतो बघू’ असे म्हणू नये. लग्नात, जत्रेत, दहाव्याच्या मांडवात त्याच्या हातात ग्लास देऊ नये, आणि त्याने नको म्हटले की विषय तेथेच सोडावा. मुकादमाने रविवारच्या बाजारी रोख पगार देण्याऐवजी, त्या माणसाची हरकत नसेल तर, पैसे खात्यावर टाकावेत. किराणा दुकानदारांनी जुनी उधारी नेमकी त्याच महिन्यात चारचौघांत मागू नये. निवडणुकीच्या दिवसांबद्दल बोलायचे तर व्यासपीठावर सर्वच पक्षांचे मान्यवर बसलेले आहेत, तेव्हा ते त्यांनीच समजून घ्यावे.

सरकारी बाबतीत दोन गोष्टी माहीत असाव्यात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू व अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक स्थिती आजाराच्या व्याख्येतच घेतलेली आहे. म्हणजे यासाठी दवाखान्यात जाणे हा रुग्णाचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे. आणि महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार विनामूल्य झाले आहेत. फोनवर विचारायचे असल्यास व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक १४४४६, आणि मन:स्वास्थ्याच्या टेलिमानस सेवेचा १४४१६. दोन्हींना पैसे पडत नाहीत. दवाखान्यात जाताना जुने कागद, चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि घरचे एक माणूस बरोबर न्यावे. रोज किती आणि शेवटची केव्हा घेतली, हे खरे सांगावे.

देवळात शपथ घेऊ नये असे यातून कोणी समजू नये. शपथ जरूर घ्यावी. फक्त सकाळचा घोट लागणाऱ्याने ती घेण्याआधी आरोग्य केंद्रात जाऊन यावे, आणि पुजाऱ्यांनीही अंगारा लावताना तेवढे विचारावे. पुजारीबुवांनी हे मान्य केले आहे.

जीर्णोद्धार समितीने सभामंडपामागची नवी खोली, जी मूळ आराखड्यात भांडी ठेवण्यासाठी होती, ती दर गुरुवारी संध्याकाळी ७ ते ८ या वेळेस दारू सोडलेल्या व सोडू इच्छिणाऱ्या मंडळींना बसण्यासाठी द्यावयाचे ठरविले आहे. देणगीदारांपैकी दोघांनी सतरंज्या दिल्या. बायकांसाठी त्याच वेळी शाळेचा एक वर्ग उघडा राहील, आशाताई तेथे असतील. खोलीला मागच्या बाजूने स्वतंत्र दार आहे, त्यामुळे पारावरून जावे लागत नाही. वहीत नाव लिहावे लागत नाही. वर सांगितलेले गवंडी दर गुरुवारी साडेसहाला येऊन खोली झाडून ठेवतात, किल्ली त्यांच्याकडेच दिली आहे.